आईकडून येतं ते

वडगाव, बेळगाव
१८ नोव्हेंबर २०२४

मंगे,

आशीर्वाद घे आणि आधी खाली बसून वाच. भाऊबीजेला तू आलतीस तेव्हा घरात माणसं लई होती, म्हणून हे सांगायचं राहिलं. फोनवर मला ऐकू येत न्हाय, आणि तुझ्या माधवीवहिनीनं मध्ये बसून सांगायचं म्हटलं की अर्धी गोष्ट तिच्या पदरची असते. त्यापेक्षा आपला कागद बरा.

माझे कान कशानं गेले ते कळालं. नऊ वर्षं झाली, सगळी म्हणतात मागानं गेले. मीही तेच सांगत आलो. वडगावात वीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो, माग दुरुस्त करायचो, धोटा कुठं अडकतोय ते नुसत्या आवाजावरून ओळखायचो, त्या खडखडाटानंच कान खाल्ले असं कुणालाही पटतं. पण ते तसं न्हाय. त्या वर्षी माझ्या पायात खिळा घुसलेला तुला आठवतोय का? आठ दिवस दवाखान्यात होतो, रोज एक सुई टोचत होते. पाय बरा झाला आणि कान गेले. तेव्हा ह्याचा त्याच्याशी संबंध कुणी लावला न्हाय.

मध्यंतरी बहिऱ्यांचं शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त बेंगळूरला पाठवलं. त्या म्हणतात, आपलं अंग ज्या पेशींचं बनलंय त्या एकेका पेशीत शेकड्यांनी बारीक वीजघरं असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. हे नाव तोंडात बसायला मला आठ दिवस लागले. आपण खातो त्यातून ताकद काढून पेशीला पुरवायचं काम त्यांचं. कोट्यवधी वर्षांमागं हे मायटोकॉन्ड्रिया म्हणजे सुटे जंतूच होते म्हणे, मग पेशीत राहायला आले आणि तिथलेच झाले. माझ्या वीजघरांच्या नकाशात, म्हणजे डीएनएत, एका जागी एकच अक्षर बदललंय. एरवी त्यानं काही बिघडत न्हाय, मी त्रेचाळीस वर्षं चांगला ऐकत होतो. पण त्या एका अक्षरानं ती अजून जुन्या जंतूंसारखी दिसतात. जंतू मारायची ठरावीक सुई दिली की औषध त्यांनाच जंतू समजतं आणि मारायला घेतं. कानातल्या पेशींना ताकद लई लागते आणि त्या एकदा मेल्या की परत येत न्हाईत.

बाई म्हणाल्या, हे घराण्यातून येतं. तेव्हा मी पंधरा दिवस सायकल काढून हिंडलग्याला जातोय. आपल्या भाऊकीतली चाळीस घरं केली. प्रत्येकाला खिशात ठेवायला कार्ड दिलं: जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ह्या सुया घ्यायच्या न्हाईत. आपल्या भावाच्या, युवराजच्या दोन्ही पोरांच्या तर दप्तरात चिकटवून आलो.

तुला हे नुसतं माहिती असावं म्हणून लिहिलं. सासरच्यांच्या कानावर घालू नको, उगाच फाटे फोडतात लोक. भैरवीची तब्येत कशी आहे ते कळव.

तुझा
नागेंद्रअण्णा


अक्कोळ, ता. निपाणी
२९ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

नमस्कार. तुझा कागद पोचला. पोस्टमन म्हणतोय, अक्का, ह्या गावात तुम्हालाच तेवढी पत्रं येतात, बाकी समदी बँकेची पाकिटं.

वाचून कसंतरी झालं रं. नऊ वर्षं मागाला शिव्या घातल्या आपण. आता त्या मागावाल्या शेटची माफी मागून ये. आमचे हे म्हणत होते, नागेंद्र सायकलवर हिंडलग्यात घरोघर कार्डं वाटतोय म्हणजे इलेक्शनला हुबा राहणार दिसतोय. मी म्हटलं, बहिऱ्याला निवडून दिलं तर तक्रार तरी ऐकायला लागणार न्हाय त्याला. रागावू नको.

पण एक विचारते. आईचंबी तू म्हणालास तसंच झालेलं न्हवं? तिला क्षय झाला तेव्हा नव्वद सुया घेतलेल्या. त्यानंतर आपण तिच्या कानाशी जाऊन वरडत होतो. अंबुबाई मावशीलाबी ऐकू येत न्हवतं. आई म्हणायची, आमच्याकडच्या बायांस्नी सुई सोसत न्हाय. मी ल्हान होते, मला वाटायचं सुईला भिते म्हणून म्हणती. ते बी हेच असंल का? आणि मला कार्ड का धाडलं न्हाईस? चाळीस घरं केलीस, एकेचाळिसावं माझं करायचं हुतंस.

भैरवीला सातवा लागलाय. जावई चांगलं बघतात तिला. पुढच्या महिन्यात हिकडं आणणार. बाळंतपण निपाणीलाच करायचं ठरवलंय. ती मोबाईलवर बघून बाळाचं नाव शोधत बसती आणि मला विचारती. मी म्हटलं, मला नकं विचारू, माझ्या वेळी जे नाव आत्यानं कानात सांगितलं तेच ठेवलं.

तुझ्या उत्तराची वाट बघते. मनाला घोर लागलाय.

मंगल


वडगाव
९ डिसेंबर २०२४

मंगे,

घोर-बीर लावून घेऊ नको. आईचं ते म्हातारपण. अंबुबाई मावशीचं तर सगळंच वेगळं, ती लहानपणापासूनच मंद ऐकायची असं मला वाटतं.

कार्ड तुला धाडलं न्हाय कारण तुला त्याची गरज न्हाय. हे घराण्याचं दुखणं, कार्डही घराण्यासाठीच. तू दिल्या घरची. तुझं देवक बदललं, कुळ बदललं, तुझी लेक आण्णाप्पांच्या घराण्यातली आणि आता ज्योतिबारावांच्या घरची सून. तिचा ह्याच्याशी काय संबंध? पोटुशी पोर आहे, तिच्या डोक्यात भलतं भरवू नको. तिला डिंकाचे लाडू कर आणि दुपारची झोपू दे.

आणि मी निवडणुकीला उभा राहिलो तर तुझ्या नवऱ्याचं मत मला नको, सांग त्यांना.

नागेंद्रअण्णा


अक्कोळ
२७ जानेवारी २०२५

अण्णा,

तू त्या गुरुवारी, नऊ तारखेला, दवाखान्यात आलतास त्यानंतर मी तुझ्याशी एक शब्द बोलले न्हाय. फोन आले ते वहिनीचे, तेबी घेतले न्हाईत. आता लिहिते, कारण मनात ठेवून मला जेवण जाईना.

शुक्रवारी बाळाच्या कानाची तपासणी झाली. दोन्ही कानांत मशीन लावलं. पोरगी पास झाली न्हाय. एवढीशी दीड किलोची होऊन आली, काचेच्या पेटीत बारा दिवस झुंजली, श्वास घ्यायला शिकली, दूध ओढायला शिकली, आणि तिला म्हणे पास झाली न्हाय. डॉक्टर म्हणाले, एप्रिलमध्ये डोक्याला वायरी लावून पक्की तपासणी करू, तवर काय सांगता येत न्हाय.

आता तू ऐक. म्हणजे वाच.

सोमवारी सहा तारखेला पहाटे भैरवीच्या पोटात कळा आल्या. आठवाबी पुरा न्हवता. पोरगी जन्मली तीच निळी पडलेली, अंगात जंतू झालेत म्हणाले. डॉक्टर धारवाडकडचा, तरणा पोरगा, चांगला माणूस. सुई भरायच्या आधी बाहेर आला आणि मला कानडीत इचारलं, तुमच्या मनेतनात कुणाला औषधानं काय झालंय का, कुणाचे कान गेलेत का? मनेतन. आपण मराठीत घराणं म्हणतो तेच. अण्णा, माझ्या तोंडावर तुझं नाव आलतं. आईचं आलतं. तेवढ्यात तुझा कागद आठवला. तू दिल्या घरची. मी मनात आण्णाप्पांचं समदं घराणं चाळलं, सासू, सासरे, दीर, नणंदा. समद्यांचे कान चांगले. मी म्हटलं, इल्ल री.

न्हाय म्हटलं मी. माझ्याच तोंडानं. त्यानं मान हलवली आणि आत गेला. रोज एक, अशा चार सुया दिल्या.

गुरुवारी अकरा वाजता तू आलास. जिना चढतानाच वरडत आलास, तुला तुझा आवाज ऐकू येत न्हाय म्हणून समद्या दवाखान्यानं ऐकलं. अमिकासिन बंद करा. तिच्या आईचं रक्त माझ्या आईचं आहे. नर्सनं तुला धरलं. डॉक्टरनं तुझ्या हातातला कागद वाचला आणि तो खुर्चीत बसला. चौथी सुई सकाळीच दिलेली. मग औषध बदललं.

मला त्या डॉक्टरचा राग येत न्हाय. त्यानं इचारलं हुतं. आई क्षयाच्या वेळी चाळिशीची हुती, म्हातारपण कसलं? मला तेव्हाच खटकलेलं, पर तू लिहिलंस म्हणून मी गप्प बसले. मला एवढंच सांग, गुरुवारी तुला जे कळालं ते डिसेंबरात का न्हाय कळालं?

मंगल


वडगाव
५ फेब्रुवारी २०२५

मंगल,

तुझा कागद वाचून दोन दिवस मी कामावर गेलो न्हाय. आता मी तिथं सुताच्या कांड्या भरायचंच काम करतो, कुणाचं काही अडत न्हाय.

दवाखान्यात आलो त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी डॉक्टरीणबाईंकडं गेलतो, तेव्हा उलगडा झाला. घराणं म्हणजे आपली भाऊकी असं मी धरून चाललो होतो. तसं न्हाय. गर्भ धरतो तेव्हा बापाकडून अर्धा नकाशा येतो आणि आईकडून अर्धा, पण वीजघरांचा नकाशा वेगळा असतो, तो सगळा आईचा. बापाच्या बीजात थोडी वीजघरं असतात, ती आत गेल्यावर पेशीच मोडून टाकते. म्हणून आजीचं आईकडं, आईचं तुझ्याकडं, तुझं भैरवीकडं, भैरवीचं बाळाकडं. माझ्यात आहे, युवराजमध्ये आहे, पण आमच्या पोरांत न्हाय, आमच्यापाशीच ते संपतं. नाव, देवक, आडनाव सगळं बापाकडून चालतं म्हणून आपल्याला वाटतं रक्तही तसंच चालत असणार. मला ते तेव्हा कळालं न्हाय.

प्रत्येकाचे कान जातातच असं न्हाय म्हणे. काहींना एका सुईनं जातात, काहींना दहानंही न्हाय. अपुऱ्या दिवसाची पोरं पहिल्या तपासणीत नापास होतात आणि पुढं चांगली ऐकतात, असंही बाईंनी लिहून दिलंय. एप्रिलपर्यंत धीर धर. मी रोज देवाला हात जोडतोय. माझ्यासारखं तिचं होऊ नये एवढंच मागतोय.

भैरवीला माझ्यातर्फे सांग, मामा येऊन जाईल म्हणावं, ती म्हणेल तेव्हा.

नागेंद्रअण्णा


अक्कोळ
३ मार्च २०२५

अण्णा,

पोरगी आता अडीच किलोची झालीय. भैरवी तिच्या पाठीमागं जाऊन ताट वाजवती. पोरगी हलत न्हाय. मग भैरवी म्हणती, आई, आता पापणी हलली का गं? मी म्हणते व्हय, हलली. मग ती आणि जोरात वाजवती. शेजारची जयाबाई परवा सांगायला आली की पोरी लई आवाज येतोय, म्हाताऱ्याला झोप लागंना. भैरवीनं तिच्याकडं बघितलं आणि ताट खाली ठेवून रडायला लागली. तिनं अजून बाळाचं नाव ठेवलं न्हाय. म्हणती, नाव कानात सांगत्यात, आधी कान कळू दे.

मंगळवारी मी आणि भैरवी बेळगावला आलतो. तुझ्या घरी आलो न्हाय. तुझ्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो, आमच्या तिघींचं रक्त द्यायला. बाईंनी तुझी फाईल काढली. मी सहज म्हटलं, बुधवारी जानेवारीत भाऊ आलता तेव्हा तुम्ही उलगडून सांगितलं म्हणून बरं झालं. बाई म्हणाल्या, जानेवारीत ते आलेच न्हाईत.

मग त्यांनी ऑक्टोबरात तुला लिहून दिलेल्या कागदाची नक्कल दाखवली. मराठीत होती. 'सख्खी बहीण, बहिणीची मुलं, मावशा आणि मावशांच्या लेकी यांना तातडीनं कळवावे. भावाच्या मुलांना धोका नाही.' बहीण ह्या शब्दाखाली त्यांनी रेघ मारलीय. मला विचारलं, तुम्हीच का त्या बहीण?

भैरवी शेजारी बसलेली. तिनंबी वाचलं.

खरं काय ते लिही. ह्यावेळी लबाडी केलीस तर मला वाचल्याबरोबर कळंल.

मंगल


वडगाव
८ मार्च २०२५

मंगल,

खरं लिहितो.

चोवीस ऑक्टोबरला तो कागद माझ्या हातात आला. बाई माझ्याशी लिहूनच बोलतात, त्यामुळं चुकीचं ऐकलं असं म्हणायलाही मला जागा न्हाय. भाऊबीजेला तू मला ओवाळलंस तेव्हा कागद कपाटात कपड्यांखाली होता.

भैरवीचं स्थळ मी जमवलं. ज्योतिबाराव बघायला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून कागदावर लिहून विचारलं होतं, हे कान असे कशानं, घरात चालत आलंय का? मी म्हटलं, मागाच्या आवाजानं गेले, घरात कसली खोट न्हाय. तेव्हा मला तेच खरं वाटत होतं. पण ऑक्टोबरात कागद आला आणि मला त्यांचा चेहरा दिसायला लागला. पोरगी पोटुशी आहे, आता कळालं तर म्हणतील मामानं फसवून पोर गळ्यात मारली, भैरवीला परत पाठवतील. हे मी स्वतःला सांगत राहिलो. भैरवीसाठी गप्प बसतोय असं सांगत राहिलो. खरं म्हणजे ज्योतिबारावांपुढं खोटा पडायची मला भीती होती.

युवराजच्या पोरांना कार्डाची गरज न्हाय हे मला माहीत होतं. हिंडलग्यातल्या एकाही घराला गरज न्हवती. अंगात ओझं होतं, ते कुठंतरी उतरवायचं म्हणून मी ती चाळीस घरं फिरलो. लोक चहा देत होते, नागेंद्रला केवढी काळजी असं म्हणत होते, आणि मला बरं वाटत होतं.

सहा जानेवारीला, सोमवारी संध्याकाळी आण्णाप्पांचा फोन माधवीला आला. तिनं मला पाटीवर लिहून दाखवलं, मुलगी झाली, पेटीत आहे, जंतूंची सुई चालू आहे. मी जेवलो आणि झोपलो. मंगळवारी कामावर गेलो. बुधवारीही गेलो. दुसरं औषध देत असतील, असं म्हणत कांड्या भरल्या. आणि मंगे, एकदा मनात असंही आलं की अपुऱ्या दिवसाचं पोर आहे, उद्या कान गेले तर लोक त्यालाच लावतील, कुणाला काही कळणार न्हाय. हे आलं होतं माझ्या मनात. तुझ्यापासून लपवून आता काय मिळवू.

बुधवारी रात्री माधवीला कपाट आवरताना कागद सापडला. तिनं तो माझ्यापुढं ठेवला आणि पाटीवर एकच शब्द लिहिला, कधीपासून? गुरुवारी पहिल्या बसनं निघालो.

सोमवारीच आलो असतो तर तीन सुया वाचल्या असत्या. पहिलीनंच कान गेले का चौथीनं हे कुणीही सांगू शकत न्हाय, बाईंना मी आता विचारून आलो. माफी मागायची माझी लायकी न्हाय, म्हणून मागत न्हाय. तू काय सांगशील ते करतो. जीव दे म्हणालीस तरी.

नागेंद्र


अक्कोळ
१७ एप्रिल २०२५

अण्णा,

जीव देऊन कुणाला ऐकू येणार हाय? ती भाषा परत लिहू नको.

सात तारखेला, सोमवारी बेळगावला तपासणी झाली. पोरीला झोपवून डोक्याला वायरी लावल्या आणि कानात आवाज सोडले, वाढवत वाढवत नेले. पडद्यावरची रेघ शेवटपर्यंत सपाट राहिली, दोन्ही कानांची. भैरवी एकदाबी रडली न्हाय. घरी आल्यावर तिनं ताट धुऊन मांडणीत ठेवलं.

डॉक्टर म्हणाले, वर्षाची झाली की कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन करू, तोवर तिच्याशी तोंड दाखवून, हात करून बोलत राहा. पुढचं मूल झालं तर त्यालाबी हे येणार, पर सुई चुकवली तर त्याचे कान चांगले राहतील. एवढं माहिती असलं की पुरे, म्हणाले. भैरवी बाहेर येऊन म्हणाली, आई, एवढंच हुतं.

आता तुला ज्योतिबारावांचं सांगते, कारण तू त्यांना भिऊन हे समदं केलंस. शनिवारी मीच त्यांच्या घरी गेले. समदं सांगितलं, तुझा कागद पण वाचून दाखवला. जावईबी हुते. मी मनाची तयारी करूनच गेलते की आता लेकीची पेटी परत येणार. ज्योतिबाराव म्हणाले, आधी सांगितलं असतं तर मी स्वतः काचेच्या पेटीपुढं बसून सुई अडवली असती. आणखी काय करणार हुतो मी? जावई दुसऱ्या दिवशी येऊन भैरवीला आणि पोरीला घेऊन गेले. फसवलं म्हणून कुणीबी एक शब्द काढला न्हाय. त्यांनी काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

तुझ्यावरचा राग गेला न्हाय. जाईल का ते मला माहिती न्हाय. भैरवीचं तर मी इचारतच न्हाय.

सासरी जायच्या आधी भैरवी आणि मी चार दिवस बसून अंबुबाई मावशीच्या वंशातल्या बाया शोधल्या. तुझ्या वंशावळीच्या वहीत त्यांतली एकबी न्हाय, तिथं नुसते बापय. एकेकीचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. नीला म्हणून शोधत हुतो ती तिकडं माधुरी निघाली. भैरवीनं फोन करून करून अकरा जणी काढल्या. नऊ जणींना सांगून झालं. एकीच्या पोराला न्युमोनिया झालता आणि गेल्या आठवड्यातच डॉक्टर सुई बदलून हीच द्यायची म्हणत हुते, ती टळली. पोराची आई फोनवर रडत हुती. भैरवीनं तिच्या नावापुढं खूण केली.

दोघी राहिल्यात. खानापूरकडची मावशीची थोरली नात, लेकीची लेक, आणि हुक्केरीतली धाकटी. दोघींची सोयरीक तू जमवलीस. दोघींच्या सासरी तू म्हणालतास, कान मागानं गेले, घरात खोट न्हाय. तिथं फोन केला तर थोरलीची सासू म्हणाली, तुझ्या भावानं आम्हाला वेगळं सांगितलंय, तू मध्ये का बोलतीस, आणि फोन ठेवला. धाकटीचा नवरा हसला. त्या घरांत आमचा शब्द चालत न्हाय, तुझा चालतो. थोरलीला आठवा महिना लागलाय.

तू जा. एकटा जा, वहिनीला पुढं करू नको. तुला ऐकू येत न्हाय म्हणून ते जे विचारतील ते लिहून घे आणि जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे. आधी मागाचं खोटं होतं असं तुझ्या तोंडानं सांग, मग कार्ड दे. आधी कार्ड दिलंस तर ते घेणार न्हाईत, मी ओळखते त्या बाईला.

दोन्ही घरी सांगून झालं की मला कळव. त्याआधी कागद पाठवू नको.

मंगल